काळजी करू नका म्हणजे नेमकं काय करायचं? नव्याने येशूकडे वळलेल्यांसाठी काही पायऱ्या

रविवारच्या उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी नवीन माणसं माझ्याशी बोलायला येतात. पहिला प्रश्न देवाबद्दल क्वचितच असतो, बहुतेकदा झोपेबद्दल असतो. "ताई, रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही." "गाडीत छाती धडधडते, वाटतं आता पडणार." "मुलगी दहावीला आहे आणि पोटात गोळा माझ्या येतो." मग आवाज खाली आणून खरा प्रश्न येतो : "बायबलमध्ये तर लिहिलंय, चिंता करू नका. म्हणजे माझा विश्वास खोटा का?"

हा प्रश्न माझाही होता. आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची ह्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा घराच्या कर्जाची अकरा वर्षं बाकी होती. जवळजवळ दोन वर्षं मी रात्री तीनला उठून गॅसचं बटण, दाराची कडी आणि बँकेचा मेसेज तपासत असे. एका प्रार्थना सभेत मी हे बोलून दाखवलं. एका वडीलधाऱ्या बहिणीने माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचा विश्वास कमी पडतोय." त्यानंतर चार महिने मी कुठल्याच सभेला गेले नाही. जे तसे दूर जाऊन बसलेत, आणि जे अजून आतच आलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ते वचन नीट वाचा

ज्या ओळीने आपल्याला दटावलं जातं ती फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, ओवी ६. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" एवढाच तुकडा लोक ऐकवतात. येशूचा प्रेषित पौल ह्याने हे पत्र लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता, आणि निकाल सुटकेचा लागेल की मरणाचा हे त्यालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या अध्यायात तो ते स्वतःच सांगतो. आरामखुर्चीतून दिलेला सल्ला नव्हे हा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. चिंतेसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच पौलाने ह्याच पत्रात दोन अध्याय आधी आपल्या तरुण सोबत्याबद्दल, तीमथ्याबद्दल, वापरलंय, आणि तिथे ते कौतुक आहे : तुमची मनापासून काळजी वाहणारा त्याच्यासारखा दुसरा माझ्याजवळ कोणी नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो कबूलच करतो की सर्व मंडळ्यांची चिंता रोज त्याच्या डोक्यावर असते.

म्हणजे एकाच शब्दात दोन गोष्टी आहेत. मराठीत त्या वेगळ्या करायची सोय आहे, आपण ती वापरत नाही इतकंच. आपण काळजी *करतो* आणि काळजी *घेतो*. आजारी सासूबाईंना वेळेवर गोळी देणं म्हणजे काळजी घेणं. गोळी देऊन झाल्यावर पहाटेपर्यंत छताकडे बघत राहणं म्हणजे करणं. पुढच्या सगळ्या पायऱ्या करण्याकडून घेण्याकडे सरकण्याच्या आहेत. एका रात्रीत हे होणार नाही. मला आठेक महिने लागले, आणि अजूनही अधूनमधून पाय घसरतो.

पायरी १ : चिठ्ठी लिहा

काळजी डोक्यात असते तेव्हा तिला आकार नसतो. तिला एका वाक्यात बसवा आणि शेवटी पूर्णविराम द्या. "पैशाचं काय होणार" हे चालणार नाही, ते नुसतं धुकं आहे. "दहा तारखेला हप्ता जाणार आहे आणि खात्यात चार हजार कमी आहेत." हे चालेल.

माझी पहिली चिठ्ठी वीजबिलाच्या मागे, मुलाच्या हिरव्या स्केच पेनने लिहिलेली आहे. एका खोलीत दिवा लावला की अख्खं घर जागं होतं, म्हणून बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून लिहिली. सुरुवात केली "सगळं संपलं" अशी. ते खोडलं. मग लिहिलं, "ह्यांना नोकरी लागली नाही तर जूनमध्ये शाळेची फी भरता येणार नाही." तेव्हा जानेवारी चालू होता. ते वाक्य वाचल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की मी पाच महिने पुढचं ओझं आत्ता, बादलीवर बसून उचलते आहे. त्या रात्री झोप आली असं म्हणणार नाही. पण गॅसचं बटण तपासायला मी परत उठले नाही.

एका चिठ्ठीवर एकच काळजी. फोनवर लिहू नका. फोन हातात घेतला की बँकेचा मेसेज दिसतोच.

पायरी २ : घेण्याजोगं बाजूला काढा

प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारा : ह्यातलं उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या हातून होण्यासारखं काही आहे का? असेल तर ते चिठ्ठीच्या पाठी लिहा आणि उद्या करा. मी लिहिलं होतं, "बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारणे." हप्ता चुकल्यावर बँकेत जाणं आणि चुकण्याआधी जाणं, ह्यात बोलण्याच्या सुरातच फरक पडतो, हा अनुभवाचा सल्ला घ्या. प्रार्थना केली म्हणून बँकेत जायचं नाही असं शास्त्रात कुठेही नाही.

जे तुमच्या हातात नाही ते डब्यात टाका. आमच्याकडे लाडवांचा जुना स्टीलचा डबा आहे, झाकण जरा घट्ट बसणारा. ते घट्ट झाकण मला आवडतं, कारण उघडायला जोर लागतो.

"टाका" हा शब्द मी सहज वापरला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, ५:७ मध्ये, म्हटलंय, "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." मुळातलं हे क्रियापद नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, आणखी एकदाच येतं. येशू यरुशलेमेत शिरायला निघतो तेव्हा शिष्य आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकतात, तिथे. आपल्याकडे शिंगरू नसलं तरी लोकल आहे. चढल्या चढल्या खांद्यावरची जड बॅग आपण वरच्या रॅकवर टाकतो. बॅग आपल्याबरोबरच येते, पण खांदा मोकळा होतो. आता काही जण दर स्टेशनला मान वर करून बॅग आहे ना हे बघतात. मीही त्यातलीच. बघितलंत तर बघितलंत, पण उतरवून पुन्हा खांद्यावर घेऊ नका.

पायरी ३ : मागा, आणि साध्या मराठीत मागा

"चिंताक्रांत होऊ नका" ह्या तुकड्यापुढे स्वल्पविराम आहे. पुढे पौल काय करायचं ते सांगतो : प्रार्थना, विनंती, आणि आभारासहित मागणं देवाला कळवणं.

नवीन माणसं इथे अडखळतात. मंडळीतले जुने लोक "हे सनातन, सर्वसमर्थ पित्या" अशी सुरुवात करून दहा मिनिटं सलग बोलतात. ते ऐकून वाटतं, आपल्याला हे कधीच जमायचं नाही. जमायची गरजही नाही. मी एका मुलीला हे लिहून दिलं होतं : "प्रभू, दहा तारीख जवळ आली. चार हजार कमी आहेत. मी उद्या मालकांकडे उचल मागणार आहे, मला मागायची लाज वाटते. माझ्याबरोबर चल. आज भाजीवाल्या मावशींनी न मागता कोथिंबीर दिली, त्याबद्दल आभार. येशूच्या नावाने, आमेन." अर्ध्या मिनिटाची प्रार्थना आहे. तिच्यात रक्कम आहे, लाज आहे आणि कोथिंबीरही आहे.

आभार संकटाबद्दल मानायचे नाहीत. "नोकरी गेली, स्तुती असो" असं खोटं बोलायला देवाने सांगितलेलं नाही. आजच्या दिवसातली एक खरी, छोटी गोष्ट पुरते.

आणखी एक. आपल्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणापासून नवस बोलायची सवय असते, मलाही होती. त्यामुळे "हे झालं तर मी ते करीन" असं आपोआप तोंडात येतं. त्याची लाज वाटू द्यायची नाही, पण इथे सौदा लागत नाही हे हळूहळू मनात मुरू द्या. आणि "हे वचन २१ जणांना पाठवा, तीन दिवसांत चमत्कार" असला मेसेज आला तर सरळ डिलीट करा. कोणाला बरं वाटो वा वाईट.

पायरी ४ : तक्रार मोठ्याने वाचा

वाचन कुठून सुरू करावं, असं विचारतात. प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून नको, कृपा करून. चिंतेत असलेल्या माणसाने रात्री पशू आणि शिंगं वाचू नयेत. स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत "कुठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो : देवा, कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार. मधल्या दोन ओव्यांत मागणं आहे, आणि शेवटच्या दोहोंत भरवसा. मोठ्याने वाचा, कानावर पडू द्या. घरात ओरडायची सोय नसलेल्या माणसाला ही चांगली सोय आहे.

ज्या दिवशी शेवटच्या दोन ओव्या तोंडातून निघतच नाहीत, त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं. शेवटी उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि कोणी काढून टाकलेलं नाही.

पायरी ५ : पोट, झोप, श्वास

बायबलच्या पहिले राजे ह्या पुस्तकात, अध्याय १९ मध्ये एलीया ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा. देवदूत येतो आणि काय करतो? शिव्या नाहीत, प्रवचन नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. मंडळीतल्या उत्साही मंडळींना हा अध्याय मी आवर्जून वाचायला देते.

तेव्हा उपाशीपोटी निर्णय घेऊ नका. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन अकराच्या सुमाराला अंगात असू शकतं. आपण मात्र रात्रभर सैतानाला दोष देतो. मी पाचनंतरचा चहा सोडला. सोडताना चिडचिड झाली, सांगून ठेवते.

श्वासाचं असं : नाकाने आत घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गती जरा खाली येते, हे शरीराचंच काम आहे. आकड्यांऐवजी तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओवी ठेवा. आत घेताना "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", सोडताना सावकाश "मला काही उणे पडणार नाही". पाच मिनिटं.

माझी जागा ट्रान्स-हार्बरची गाडी आहे. ठाण्याहून तुर्भ्याला हिशेबाच्या कामाला जाते. ठाणे ते दिघा गाव नुसता श्वास. ऐरोलीला आभार. रबाळ्याला घरच्यांची नावं. घणसोलीपर्यंत हातातली चिठ्ठी. कोपरखैरण्याला इतर कोणासाठी तरी, बहुधा डब्यात समोर पेंगत असलेल्या बाईसाठी. मग तुर्भे येतं आणि उतरताना धक्के खावे लागतात. घरी अर्धा तास शांत मिळत नाही म्हणून प्रार्थना राहून जाते, असं सांगणाऱ्यांसाठी हे लिहिलं. तुमची स्टेशनं तुम्ही ठरवा.

पायरी ६ : चिंतेला वेळ नेमून द्या

दिवसातली वीस मिनिटं ठरवा, झोपायच्या बरीच आधी. माझी सात ते सात वीस, कुकर लावल्यावर. इतर वेळी काळजी आली की तिला म्हणायचं, सातला ये. सातला चिठ्ठ्या लिहायच्या, दुसरी पायरी करायची, मागायचं आणि उठायचं. समुपदेशकही ही रीत शिकवतात. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे म्हटलंय, त्याच्या जवळपास पोहोचायची ही एक रोजची युक्ती आहे. पहिला आठवडा काळजी वेळ पाळत नाही. मग पाळायला लागते.

त्याच अध्यायात तो आकाशातल्या पाखरांकडे पाहा म्हणतो. नुसता विचार करा म्हणत नाही, पाहा म्हणतो. आपल्याकडे ते फार सोपं आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी असतात, हजारोंनी. ऐरोलीहून बोटीने जाऊन बघता येतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते मान खाली घालतात आणि चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत बसतात, तासन् तास. पाखरं पेरत नाहीत आणि कोठारात साठवत नाहीत हे खरं, पण ती रिकामी बसलेली मी पाहिली नाहीत. आजच्या ओहोटीत जे आहे ते आज गाळतात. भरती आली की थांबतात.

पायरी ७ : एकाला सांगा

गेथशेमाने बागेत येशूचा जीव कासावीस झाला तेव्हा त्याने तिघांना जवळ घेतलं आणि जागे राहा म्हणाला. ते झोपले. माणसं झोपतात, हे धरून चाला, तरी सांगा.

एकच माणूस निवडा. व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना ग्रुपवर घरातली गोष्ट टाकू नका; "प्रार्थना विनंती" ह्या नावाखाली किती बातम्या ह्या टोकाहून त्या टोकाला जातात ते मी पाहिलंय. निवडलेल्या माणसाला आधीच सांगा, "सल्ला नको, फक्त बाजूला बसून प्रार्थना कर." कॅथलिक असाल तर पापनिवेदनात फादरांना सांगितलेलं बाहेर जात नाही. आमच्यासारख्या प्रोटेस्टंटांनी पाळकांची वेळ घेऊन भेटावं, उपासनेनंतरच्या गर्दीत नको.

अजून कोणाशीच बोलायची तयारी नसेल तर नुसतं जाऊन बसा. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचं आहे. बाहेर रिक्षांचे हॉर्न आणि जांभळी नाक्याच्या बाजाराची गर्दी, आत गेलं की पंख्याचा आवाज. मी प्रोटेस्टंट असूनही त्या बाकांवर बसून आलेय.

पायरी ८ : डॉक्टर

आपल्या भागात हा विषय चेष्टेत अडकलाय. "ह्याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य सगळ्या महाराष्ट्राने ऐकलेलं आहे, आणि आपण तर ठाण्यातच राहतो. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. त्याला बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे माणसं केसपेपर काढतात, औषध घेतात आणि बसने घरी जातात. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, हे कलस्सैकरांच्या पत्रात पौलच सांगतो. पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असंही त्याने तीमथ्याला लिहिलं. नुसता उपवास कर असं नाही.

छातीत पहिल्यांदाच दुखलं, हात जड झाला, घाम फुटला, तर प्रार्थना रिक्षात बसून करा आणि रिक्षा हॉस्पिटलकडे घ्या. घबराटीचा झटका बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत कळसाला जातो आणि मग हळूहळू ओसरतो, पण तो घबराटीचाच आहे हे डॉक्टरांना ठरवू द्या. थायरॉइडमुळेही धडधड होते. ते साध्या रक्ततपासणीत कळतं. दोन आठवडे झोप, भूक, काम ह्यांपैकी काही धड होत नसेल तर वाट बघू नका. औषध सुरू झालं तर गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. "विश्वास ठेव आणि गोळ्या फेक" असं कोणी स्टेजवरून सांगितलं, तर त्या सभेतून उठून या. मीही सहा महिने गोळ्या घेतल्या. त्याच काळात माझी प्रार्थना सर्वांत नियमित होती.

जगणं नको असं वाटत असेल तर आत्ता १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

डबा कधी उघडायचा

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, जेवणानंतर. रात्री नाही. माझ्या पहिल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. सात गोष्टी घडल्याच नव्हत्या. दोन घडल्या होत्या, आणि निभावल्या होत्या. कशा ते मी त्याच चिठ्ठ्यांवर निळ्या पेनने लिहून ठेवलं. एक चिठ्ठी कशाबद्दल होती तेच आठवेना. हिरव्या शाईची वीजबिलावरची अकरावी तशीच घडी करून परत आत टाकली, कारण जून यायचा होता.

घडलेल्या आणि न घडलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या लिफाफ्यांत ठेवा, फेकू नका. फी आम्ही दोन हप्त्यांत भरली, शाळेला आधीच सांगून. ह्यांना काम लागलं ते दिवाळीत, पूर्वीपेक्षा कमी पगाराचं. डब्यात आज चार चिठ्ठ्या आहेत. त्यातली एक तीन वर्षं जुनी आहे, आईबद्दलची. दर महिन्याला उघडते, वाचते, पाठी तारीख घालते आणि परत टाकते. मागची बाजू आता तारखांनी भरत आली आहे, पुढच्या महिन्यात कागद जोडावा लागेल.